पान एकसष्ट

कादंबरीच्या प्रकाशनाला वसंतदाजी वीस मिनिटं बोलले. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. "एका बैठकीत वाचून काढली, पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही," असं त्यांनी माइकवर सांगितलं आणि चाळीसगावच्या त्या मंगल कार्यालयात टाळ्या पडल्या. आठ दिवसांनी मनोलेखाचा अहवाल आला. त्यात दाजींच्या नावापुढे लिहिलं होतं: 'वाचक चौथ्या पानावर झोपला. झोप गाढ होती. पुस्तक पुन्हा उघडलं नाही.'

पाणी प्यायला उठले नाहीत, एवढं खरं निघालं.

कादंबरी आमच्या सरांची. सर म्हणजे माझे यजमान, उल्हास येवले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, गुडघे दाखवायला जातात. आमचे सर टेबलाशी बसले आणि दोन वर्षांत त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली, 'सावलीचं कार्ड'. गोष्ट पुढच्या शतकातली. ऊन इतकं वाढलंय की सावली रेशनवर मिळते. झाडं सरकारी, मांडव सरकारी. माणशी दिवसाला दोन तास सावली, दारावर कार्ड दाखवायचं, वेळ संपली की शिट्टी वाजते आणि बाहेर. रेवा नावाची चौदा वर्षांची मुलगी हे सगळं मोडून पळते आणि डोंगरापलीकडे कुणाच्याही मालकीचं नसलेलं जंगल शोधते. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा अठ्ठेचाळीसवर जातो. त्यामुळे गावातल्या पोरांना ही कल्पना काही फार लांबची वाटली नाही.

आता मनोलेख म्हणजे काय ते सांगते. सरांनी मला जसं सांगितलं तसंच सांगते.

पुस्तकं आता पाटीवर वाचतात. पाटीच्या वरच्या कडेला एक बारीक भिंग असतं, ते डोळ्यांकडे बघतं. वाचताना आपली नजर सरळ सरकत नाही, बेडकासारख्या उड्या मारते. एका उडीनंतर साधारण पाव सेकंद टेकते, मग पुढची उडी. अवघड वाक्य आलं की मागे येते. मन गुंतलं की बाहुली किंचित मोठी होते. पाटीच्या दोन्ही बाजूंना, जिथे आपण अंगठे ठेवतो, तिथे धातूची पट्टी असते. मन हललं की अंगठ्याला डोळ्यांना न दिसणारा घाम येतो आणि ती पट्टी तो मोजते. लाखो वाचकांची अशी मापं खाऊन खाऊन ते यंत्र इतकं तयार झालंय, की पुस्तक मिटल्यावर एका सेकंदात तुमचा अभिप्राय तेच लिहून देतं. तुम्ही काही लिहायचं नाही, बोलायचं तर नाहीच. प्रकाशकही आता हेच अभिप्राय धरतात. माणसं तोंडदेखलं बोलतात, अंगठा बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कायद्यानं वाचकाचं नाव झाकलेलं असतं. पण पहिल्या पानावर एक चौकोन असतो: 'माझं नाव लेखकाला कळवा.' शहाण्या माणसानं तिथे खूण करू नये. पण प्रकाशनाला आलेल्या आमच्या यच्चयावत नातेवाइकांनी ती केली. नाही केली तर सरांना काय वाटेल? मी तर पहिली केली, बायकोच आहे म्हटल्यावर.

सर चहा पिता पिता अहवाल मोठ्यानं वाचत होते. दाजींचं वाचून दोघं पोट धरून हसलो. एका भाच्यानं फक्त शेवट वाचला होता. सरांचे जुने मुख्याध्यापक प्रत्येक पानावर शुद्धलेखनाच्या चुका शोधत होते आणि त्यांची बाहुली तेवढ्यापुरती मोठी होत होती. मग सर एकदम थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"काय झालं?"

"काही नाही."

मी पाटी ओढून घेतली. 'हेमलता येवले. दहा प्रकरणं लक्षपूर्वक. अकराव्या प्रकरणाच्या चौथ्या पानावर नजर हटली. पाटी पालथी ठेवली. पुन्हा उघडली नाही. कारण: कंटाळा. शक्यता ब्याऐंशी टक्के.'

"तू म्हणालीस पूर्ण वाचली," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आवडली म्हणालीस."

"वाचली. आवडली."

"हेमा, इथे लिहिलंय."

"तिथे लिहिलंय ते खरं, आणि मी समोर बसलेय ती खोटी?"

सर कपबशी उचलून विसळायला घेऊन गेले. ते कपबशी कधी विसळत नाहीत, म्हणजे मामला गंभीर होता. मलाही राग आला. बत्तीस वर्षं यांच्या ताटात वाढतेय आणि विश्वास कशावर, तर अंगठ्याच्या घामावर. म्हटलं, जा, नाही सांगत.

सांगण्यासारखं होतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही माझे यजमान नाही.

अकराव्या प्रकरणात पळापळ नाही, ड्रोन नाहीत, काही नाही. रेवाच्या लक्षात येतं की आपल्या कार्डावरची सावली कधी संपतच नाही. मग तिला कळतं की आई रोज स्वतःचे तास तिच्या कार्डावर टाकते आणि स्वतः मांडवाबाहेर उभी राहते. रेवा विचारते, तर आई म्हणते, "मला ऊन आवडतं. हाडं शेकतात." एवढंच प्रकरण.

पंधरा वर्षांपूर्वी आमची मुक्ता दहावीला होती. मार्चमध्येच पारा पंचेचाळीसवर. परीक्षेचं केंद्र लांबचं, आणि बसथांब्याच्या पत्र्याखाली जेमतेम पाचसहा जण मावायचे. मुक्तानं बसून उजळणी करावी म्हणून मी रोज बाहेर उभी राहायची. ती म्हणायची, आई, आत ये. मी म्हणायची, मला ऊन आवडतं, हाडं शेकतात. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय? कुठली आई हे करत नाही? मला वाटलं कुणी पाहिलंही नाही. आणि त्या दिवशी चौथ्या पानावर माझंच वाक्य माझ्यासमोर आलं, तेव्हा मला कळलं की सरांनी पाहिलं होतं. अक्षरं पुसट झाली. तेवढ्यात आठवलं की ते भिंग बघतंय आणि आठ दिवसांनी ते यांना सांगणार, हेमलताबाई अमुक ओळीवर रडल्या. या वयात? मी पाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय बंद असताना आतून कडी लावली आणि कागदाच्या प्रतीत उरलेली कादंबरी वाचली. मनसोक्त रडले, तोंड धुतलं आणि चार वाजता दार उघडलं.

वाचनालय म्हणजे माझी नोकरी. सरांच्या हट्टाखातर प्रकाशकानं कागदाच्या पंचवीस प्रती छापल्या होत्या, त्यातली एक माझ्याकडे होती. आणि त्या प्रतीच्या एकसष्टाव्या पानावर मी वाचून झाल्यावर एक वांगं काढलं.

हे वांग्याचं समजावून सांगायला हवं. जुनी वाचनालयं वापरलेल्यांना ठाऊक असेल. वर्षाला शंभर पुस्तकं नेणाऱ्याला कुठलं वाचलंय आणि कुठलं नाही ते लक्षात राहत नाही. म्हणून वाचक एक ठरलेलं पान धरायचे आणि पुस्तक संपलं की तिथे पेन्सिलीनं आपली बारीक खूण करायचे. संपल्यावरच, आधी नाही. आमच्या गावात ते पान एकसष्ट. का, ते कुणाला माहीत नाही. कुणी चांदणी काढायचं, कुणी मासा. माझी खूण वांगं, भरिताचं, देठासकट. चोवीस वर्षांची असताना माझ्या वांग्याशेजारी दर पुस्तकात एक गोल दिसायला लागला. मला वाटलं शून्य आहे, कुणीतरी माझ्या वांग्याला शून्य मार्क देतंय. एक दिवस कपाटामागे दबा धरून बसले आणि चोर पकडला. शाळेत नुकताच लागलेला मास्तर होता. घाम पुसत म्हणाला, "शून्य नाही हो, भाकरी आहे. नुसतं भरीत कसं खाणार?" पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

तर असं. आता त्याच मास्तरशी माझं चार दिवस मोजून मापून बोलणं चाललं होतं. "मीठ हवं का?" "नको." "वीज येणार आहे का?" "माहीत नाही."

मंगळवारी पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. ऋजुता देव, मुलगी गोड आहे. भिंतीवर तिचा चेहरा आणि शेजारी वाचकांचा आलेख. सगळ्या शाळांतल्या मुलांची एक रेघ, वरवर चढत जाणारी, आणि अकराव्या प्रकरणाला धाडकन खाली.

"सर, इथे दरी आहे," ती म्हणाली. "तुमच्या स्वतःच्या शाळेतसुद्धा नववीच्या चव्वेचाळीसपैकी तेहतीस मुलांनी इथे पुस्तक सोडलंय. अकरावं काढलं तर कादंबरी राज्याच्या शालेय वाचनयादीत जाईल, माझी खात्री आहे. शुक्रवारपर्यंत होकार द्या."

सरांनी दाराकडे पाहिलं. मी तिथे कांदा चिरत उभी होते.

"काढा," ते म्हणाले. "ते प्रकरण एका माणसासाठी लिहिलं होतं. त्या माणसालाच कंटाळा आला, तर बाकीच्यांना कशाला छळू. शुक्रवारी सही पाठवतो."

कांदा तिखट होता म्हणून बरं.

बुधवारी चार वाजता धृती महाजन वाचनालयात आली. नववीतली, उंच, दोन वेण्या, जिभेला हाड नाही.

"काकू, सरांची कादंबरी परत आली का?"

"आत्ताच आली. पण तुमच्या शाळेच्या पाटीवर आहे ना? तिथेच वाच की."

"दहा प्रकरणं वाचली तिथे. अकरावं सगळे इथेच वाचतात. मीही परवा इथेच बसून वाचलं."

कागदी प्रतीला नंबर लागत होते हे मला दिसत होतं. मला वाटत होतं, पोरांना कागदाची हौस आलीय, येतात अशा लाटा. मी चष्मा कपाळावर सरकवला. "सगळे म्हणजे?"

"आमचा अख्खा वर्ग. पहिल्यांदा गार्गीनं वाचलं, पाटीवर. तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या पडद्यावर मनोलेखात आलं, 'एका वाचकाला अकराव्या प्रकरणात रडू आलं.' नाव नव्हतं, पण डोळे सुजलेली वर्गात एकटीच होती. मुलांनी तिला इतकं पिडलं. मग आम्ही ठरवलं, अकरावं आलं की पाटी पालथी घालायची आणि पुढचं तुमच्याकडे येऊन वाचायचं. पिडणारे पण येतात. तेच जास्त येतात."

मी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"तुला कशी वाटली कादंबरी?" मी विचारलं.

"सरांना सांगणार का?"

"सांगणार."

"मग नीट सांगा. तो कबीर कशाला घेतलाय? त्याला धड पळता येत नाही, रेवानं सारखं त्याला ओढायचं. आणि चौदाव्या वर्षी कुणी एवढी भाषणं करत नाही. आम्ही नुसतं 'जाऊ दे ना' म्हणतो. जंगल सापडतं ते पण जरा सोपं सापडतं." तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण अकरावं वाचून मी घरी गेले आणि आईला विचारलं, तू जेवलीस का. ती म्हणाली, तुला ताप आलाय का? आणि मग म्हणाली, नाही अजून."

"आणि ते वाचून तू खूण केलीस?"

"अजून संपलं कुठे? शेवटची दोन प्रकरणं राहिलीत. संपल्यावरच करायची ना, तुम्हीच सांगितलं होतंत." खरंच की. पावसाळ्यात तिनं एका जुन्या पुस्तकातले मासे आणि चांदण्या बघून विचारलं होतं आणि मी हौसेनं सगळी चाल समजावली होती. दारावर बोर्ड माझाच, 'पुस्तकात काहीही लिहू नये, हुकुमावरून.'

मी प्रत उघडली. पान एकसष्टावर जागा उरली नव्हती. पतंग, मांजर, छत्री, विजेचा दिवा, एक नीट न जमलेला उंट. मजकुराच्या चारही बाजूंनी पेन्सिलीची गर्दी, आणि वर डाव्या कोपऱ्यात माझं वांगं. मी खुणा मोजल्या. एकतीस, वांगं सोडून. तेहतिसातले एकतीस जण शेवटपर्यंत पोचले होते. उरलेल्या दोघांतली एक माझ्यासमोर उभी होती. दुसरं कुणी खरंच कंटाळलं असेल, तेही चालायचंच.

"धृती, आज ही प्रत मी घरी नेतेय. उद्या तुला पहिला नंबर."

"हे नियमात बसतं का?"

"नाही."

घरी सर पाटीवर अकरावं प्रकरण उघडून बसले होते. काढण्याआधी एकदा वाचत असावेत. मी ती पाटी पालथी घातली आणि त्यांच्या पुढ्यात कागदाची प्रत ठेवली, एकसष्टावर उघडून.

सर बराच वेळ पाहत राहिले. पतंगावर बोट ठेवलं, उंटापाशी किंचित हसले. मग बोट वर डाव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

"हे कधी काढलंस?"

"पाटी मिटली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कडी लावून वाचली सगळी. मला रडू येत होतं, आणि ते तुम्हाला त्या भिंगानं सांगितलेलं मला नको होतं. पोरांचंही तेच आहे. तुमची दरी बिरी काही नाही. पोरं तिथे पुस्तक सोडत नाहीत, पुस्तक घेऊन लपतात."

सर खुर्चीत मागे टेकले. "वाटीभर गरम पाण्यात थंडगार थर्मामीटर बुडवला की पाणी थोडं निवतं," ते हळू म्हणाले. "मोजायला गेलं की मोजायची वस्तूच बदलते. तीस वर्षं मी पोरांना हे शिकवलं. आणि स्वतःच्या घरात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"शिवाय कबीर काढून टाका म्हणालीय धृती. त्याला पळता येत नाही."

"मलाही येत नाही," सर म्हणाले.

मग मी विचारलं. इतके दिवस जे विचारायचं होतं ते. "तुम्ही मला त्या थांब्यावर पाहिलंत. पंधरा वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत."

"काय बोलणार होतो?" ते पानाकडेच बघत होते. "तू उन्हात उभी होतीस आणि मी समोरच्या टपरीच्या सावलीत चहा पीत होतो. तू म्हणालीस हाडं शेकतात, ते मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं. मी यायला हवं होतं. चहा संपवला. मग बस आली. दुसऱ्या दिवशीपासून मी त्या टपरीवर गेलो नाही, पण तुझ्या शेजारी येऊन उभाही राहिलो नाही. लाज वाटली, हेमा. तोंडानं सांगता येईना, म्हणून एवढं मोठं पुस्तक लिहावं लागलं."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हीचं काय करायचं ते कळेना. शेवटी मी चहा टाकला. एकच कप केला, दोघांनी बशीतून प्यायला.

शुक्रवारी सरांनी सही पाठवली नाही, पत्र पाठवलं. अकरावं राहील, पण पाटीवर नाही. पाटीवर दहाव्यानंतर एक कोरं पान येईल आणि त्यावर एकच ओळ: 'पुढचं प्रकरण कागदावर आहे. जवळच्या वाचनालयात जाऊन वाचा. तिथे कुणी बघत नाही.' ऋजुतानं तीनदा फोन करून समजावलं, चौथ्यांदा म्हणाली, "सर, माझ्या आईनं वाचलं अकरावं. ठीक आहे, छापते." राज्याच्या यादीत कादंबरी आली नाही. कोऱ्या पानाचा आलेख निघत नाही आणि आलेख नसलेलं पुस्तक यादीत घेत नाहीत. सरांना वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग पाचोऱ्याच्या वाचनालयातून कागदी प्रतीची मागणी आली, मग मालेगावहून दोन, मग कन्नडहून.

परवा धृतीनं दुसऱ्यांदा वाचायला नेलेली आमची प्रत परत आणून दिली. तिच्याही आधी एक वाचक ती घेऊन गेला होता, रीतसर सभासद होऊन, रांगेत उभा राहून. वहीत सही होती: उ. रा. येवले. लेखकानं स्वतःचंच पुस्तक घरी नेल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी एकसष्टावं पान उघडलं. वांग्याला खेटून, जिथे मुंगीलाही जागा नव्हती तिथे, एक गोल काढलेला होता. दाटीत जरा चेपलेला, पण गोल. त्याच्याखाली धृतीच्या तिरक्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हे जेवण कोणाचं?'

पुस्तकात लिहायचं नाही, हा माझाच हुकूम. मी खणातून खोडरबर काढला. थोडा वेळ तो हातात धरून बसले. मग परत ठेवला, पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'आमचं.'